पद्मिनी आणि विजेची मोटार

सुरतेहून कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग जळगाव जिल्हा सोडून विदर्भात शिरतो, त्याच्या थोडे अलीकडे आमचे मुक्ताईनगर लागते. जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही त्याचे पूर्वीचे एदलाबाद हे नाव येते. या महामार्गाच्या कडेस घटकाभर उभे राहिले, तर केळीने भरलेले ट्रक, एस. टी. च्या गाड्या, ट्रॅक्टर आणि मोटारी यांची अखंड रांग डोळ्यांपुढून सरकत जाते. अलीकडे या रांगेत एखादी मोटार अशी येते, की तिच्या क्रमांकाची पाटी हिरव्या रंगाची असते. ती अगदी जवळून गेली तरी इंजिनाची घरघर ऐकू येत नाही. रस्त्यावर टायर घासल्याचा आवाज तेवढा होतो, आणि गाडी पुढे निघून जाते. मागे धूर नाही आणि पेट्रोलचा वासही नाही. ही विजेवर चालणारी मोटार होय.

एखादी नवी वस्तू नीट समजून घ्यावयाची असेल, तर तिच्या शेजारी त्याच कामाची जुनी वस्तू मांडून पाहावी. आज आपण विजेच्या मोटारीशेजारी एक जुनी, लहानशी, पण एके काळी महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक असलेली मोटार उभी करणार आहोत. तिचे नाव प्रीमिअर पद्मिनी.

पद्मिनीचे माहेर इटलीत. तेथील फिआट कंपनीने '११००' या नावाची एक कुटुंबवत्सल मोटार काढली होती. इकडे आपल्या देशात, सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी एक ध्यास घेतला होता. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही वस्तू भारतात बनल्या पाहिजेत, असे त्यांना वाटे. देश परतंत्र असताना ही आकांक्षा बाळगणे सोपे नव्हते. तरीही त्यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि मुंबईच्या कुर्ला भागात तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी तेथे अमेरिकन बनावटीच्या गाड्या जोडल्या जात. पुढे फिआटशी करार झाला. १९६४ पासून फिआट ११०० चा जो नमुना कुर्ल्यात बनू लागला, त्यालाच १९७४ साली चितोडच्या राणीवरून 'पद्मिनी' हे नाव मिळाले. नाव बदलले, तरी पुष्कळ लोक तिला अखेरपर्यंत 'फिआट'च म्हणत राहिले.

त्या काळी मोटार विकत घेणे म्हणजे आजच्यासारखे दुकानात जाऊन गाडी घेऊन येणे नव्हते. किती मोटारी बनवावयाच्या हे सरकारी परवान्यांवर ठरे, मागणी मात्र फार असे. नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. ज्याच्या दारी पद्मिनी उभी राही, त्या घराकडे सारा गाव वळून पाही. मुंबईत तर काळ्या अंगाची आणि पिवळ्या टपाची टॅक्सी म्हणजे पद्मिनीच, हे समीकरण पक्के होऊन बसले होते. २००१ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे ठरवलेले आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरात झाली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी दिसेनाशा झाल्या.

आता तिच्या शेजारी उभी करावयाची दुसरी गाडी निवडू. पुण्याजवळ रांजणगाव आहे. तेथील अष्टविनायकांपैकी महागणपती तुम्हांस ठाऊक असेल. त्याच रांजणगावी नेक्सॉन या मोटारीचा कारखाना आहे, आणि तिची विजेवर चालणारी आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. गंमत अशी, की हा कारखाना टाटा आणि फिआट या दोन कंपन्यांच्या भागीदारीतला. म्हणजे पद्मिनीच्या माहेरची माणसे या नव्या गाडीच्या अंगणातही वावरत होती! दोन्ही गाड्यांची लांबी जेमतेम चार मीटरांच्या आत. दोहोंतही चार-पाच माणसे बसतात. बाहेरून पाहता त्या एकाच घराण्यातल्या दोन पिढ्या वाटाव्यात. परंतु पुढचे झाकण उचलले, की दोघींमधला खरा भेद दिसू लागतो.

पद्मिनीच्या झाकणाखाली इंजिन असते. इंजिनात चार पोकळ नळकांडी असतात, आणि प्रत्येक नळकांड्यात एक दट्ट्या खालीवर सरकतो. दट्ट्या खाली जाताना पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. तो वर येताना हे मिश्रण घट्ट दाबले जाते. नेमक्या त्या क्षणी स्पार्क प्लगमधून विजेची ठिणगी पडते, मिश्रण भडकते, आणि तापून फुगलेले वायू दट्ट्यास जोराने खाली ढकलतात. पुन्हा वर येताना दट्ट्या जळका धूर बाहेर लोटून देतो. शोषण, संपीडन, ज्वलन आणि उत्सर्जन या चार टप्प्यांपैकी एकाच टप्प्यात गाडीला जोर मिळतो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. उरलेले तीन टप्पे त्या एका टप्प्याची पूर्वतयारी किंवा आवराआवर करण्यात जातात. या चारही नळकांड्यांतील जागा एकत्र केली, तर ती सुमारे १,१०० घनसेंटीमीटर, म्हणजे एक लिटरच्या मापाहून किंचित अधिक भरते. गाडीच्या नावातील ११०० हा आकडा आला तो येथून. एवढ्या जागेतले स्फोट मिळून सुमारे चाळीस अश्वशक्तीचे काम करत.

पण दट्ट्या खालीवर सरकतो आणि चाकास तर गोल फिरावयाचे असते. म्हणून एक वाकडा दांडा लागतो. इंजिन फार हळू फिरू लागले तर बंद पडते. म्हणून क्लच आणि चार गिअर लागतात. पद्मिनीत गिअरचा दांडा चालकाच्या हाताशी, स्टीअरिंगच्या बाजूसच असे. त्यामुळे पुढचे आसन एखाद्या बाकासारखे सलग ठेवता येई, आणि त्यावर तिसरा माणूसही सामावला जाई. इंजिन पुढे आणि फिरावयाची चाके मागे, म्हणून गाडीच्या पोटाखालून एक लांब शाफ्ट जाई. याखेरीज पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बुरेटर, ठिणग्या वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर, पाणी गार करणारा रेडिएटर, पंख्याचा पट्टा, तेलाची गाळणी, धुराची नळी असा मोठा संसार असे. शेकडो भाग एकमेकांवर घासत, आपटत, तापत असत. तेव्हा कुठे मागची दोन चाके फिरत.

नेक्सॉनच्या विजेच्या गाडीत यातले जवळजवळ काहीही नाही. ती समजावयास तुम्हांस फार लांब जावे लागणार नाही. आपल्या शिवारातल्या विहिरीपर्यंत गेलात तरी पुरे. तुमच्या पणजोबांच्या काळी विहिरीवर बैलांची मोट चाले. पुढे तेलावर चालणारे इंजिन आले. 'थक थक' असा त्याचा आवाज मैलभर ऐकू जाई, आणि त्याच्या धुराने विहिरीचा काठ काळा पडे. त्यानंतर वीज आली, आणि इंजिनाच्या जागी मोटर बसली. बटण दाबले, की ती फिरू लागते. तिला हँडल मारून उठवावे लागत नाही, की तिच्यात तेल ओतावे लागत नाही. विहिरीवर जे स्थित्यंतर दोन पिढ्यांपूर्वी झाले, तेच आज रस्त्यावर होत आहे. भुसावळच्या रेल्वेच्या आवारातही ते आपल्या वाडवडिलांच्या डोळ्यांदेखत घडले. कोळशाच्या इंजिनांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या ठाण्यात आज विजेच्या इंजिनांची मोठी शेड आहे.

मोटर फिरते कशी, याचे मूळ मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२१ साली केलेल्या प्रयोगात आहे. तारेतून वीज वाहू लागली, की तारेभोवती चुंबकत्व उत्पन्न होते. जवळ दुसरा लोहचुंबक असेल, तर तार त्याच्याभोवती फिरू लागते. मोटरमध्ये तारेची वेटोळी आणि चुंबक अशा रीतीने मांडलेले असतात, की ही ओढाताण थांबतच नाही, आणि मधला कणा गोल गोल फिरत राहतो. आरंभापासूनच गोल गती मिळत असल्यामुळे वाकडा दांडा नको. स्थिर स्थितीतून निघतानाच मोटरचा पूर्ण जोर लागू शकतो, म्हणून क्लच नको आणि बदलावयाचे गिअरही नकोत. २०२० च्या नेक्सॉनमधील मोटर सुमारे सव्वाशे अश्वशक्तीची होती. म्हणजे पद्मिनीच्या तिप्पट! तरीही ती पद्मिनीच्या इंजिनाहून कितीतरी आटोपशीर.

आणखी एक नवल आहे. तीच मोटर उलट बाजूने फिरवली गेली, म्हणजे चाकांनी तिला फिरवले, तर ती वीज खाण्याऐवजी वीज देऊ लागते. तिचे जनित्र होते. कसारा घाट उतरताना पद्मिनीचा चालक ब्रेक दाबत असे, आणि गाडीचा सारा वेग ब्रेकच्या पट्ट्या तापवण्यात वाया जात असे. विजेची गाडी घाट उतरू लागली, की मोटर जनित्र बनते, गाडीला मागे खेचते, आणि उत्पन्न झालेली वीज बॅटरीत परत साठवते. घाट चढताना खर्चलेली सारी वीज काही परत येत नाही. परंतु तिचा काही भाग खात्यात पुन्हा जमा होतो.

खात्याचा विषय निघालाच आहे, तर थोडे गणित करू. वीज मोजण्याचे माप युनिट. तुमच्या घरी येणाऱ्या बिलावर ते असतेच. एक लिटर पेट्रोल पूर्ण जाळले, तर त्यातून सुमारे नऊ युनिट ऊर्जा मिळते. २०२० च्या नेक्सॉनच्या बॅटरीत सुमारे तीस युनिट वीज मावत असे. नवाने तिसाला भागा. म्हणजे त्या गाडीची भलीमोठी बॅटरी काठोकाठ भरली, तरी तिच्यात साडेतीन लिटर पेट्रोलाहूनही कमी ऊर्जा असते. एवढे पेट्रोल घरातल्या लहानशा कॅनमध्ये मावेल, आणि त्याचे वजन तीन किलोही भरणार नाही. बॅटरीचे वजन मात्र दोनशे किलोंहून अधिक.

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग ही गाडी जाणार तरी किती दूर? साडेतीन लिटर पेट्रोल घालून पद्मिनी मुक्ताईनगराहून निघाली, आणि ती लिटरला बारा किलोमीटर जाते असे धरले, तर भुसावळच्या थोडे पुढे जाऊन थांबेल. तेवढीच ऊर्जा घेतलेली नेक्सॉन जळगाव मागे टाकून, धुळे ओलांडून, दोनशे किलोमीटरांच्या आसपास मजल मारते. प्रमाणित चाचणीत तर तिला ३१२ किलोमीटरांचा दाखला मिळाला होता. पण चाचणी ती चाचणी आणि महामार्ग तो महामार्ग.

ऊर्जा सारखी असताना अंतरात एवढा फरक का पडावा? याचे उत्तर पद्मिनीच्या रेडिएटरला हात लावला असता तर मिळाले असते, पण चटका बसला असता! पेट्रोलच्या इंजिनात शंभर भाग ऊर्जा घातली, तर वीसेक भाग चाकांपर्यंत पोहोचतात. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन रेडिएटरवाटे आणि धुराच्या नळीवाटे हवेत जाते. ही गाडी चालते तेव्हा, एका अर्थी, ती एक फिरती शेगडी असते. विजेच्या मोटरीत शंभरातले पंच्याऐंशी ते नव्वद भाग चाकांना मिळतात. तिच्या नीरवपणाचे आणि थंडपणाचे कारण हेच आहे. आवाज आणि उष्णता म्हणजे वाया जाणारी ऊर्जाच होय.

विजेची मोटार ही अगदी आजची कल्पना आहे, असे समजू नका. १८९९ साली कामीय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने पॅरिसजवळ विजेची मोटार ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाने पळवली होती. तोपर्यंत रस्त्यावरच्या कोणत्याही वाहनाने एवढा वेग गाठला नव्हता. त्या काळी पेट्रोलची गाडी सुरू करण्यासाठी पुढे उभे राहून लोखंडी हँडल जोराने फिरवावे लागे, आणि ते उलट फिरले तर मनगट मोडे. म्हणून अनेकांना विजेची गाडी बरी वाटे. पुढे १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर मोटारींत बसू लागला. हँडल गेले, पेट्रोलही स्वस्त झाले, आणि विजेच्या गाड्या मागे पडल्या. पेट्रोलच्या गाडीला विजेच्या गाडीवर मात करता आली, ती एका विजेच्या लहानग्या मोटरीच्या मदतीने, हा इतिहासातला मोठा मौजेचा भाग आहे. रेल्वेने मात्र वीज सोडली नाही. भारतातील पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या बोरीबंदराहून निघाली, आणि गेली कोठे, तर कुर्ल्यास! जेथे पुढे पद्मिनी जन्मली, त्या कुर्ल्यात वीज तिच्याआधीच चाकांवर बसून आली होती.

मग मोटारींना एवढा उशीर का झाला? आगगाडीला डोक्यावरच्या तारेतून अखंड वीज मिळते. मोटारीने आपली वीज आपल्याबरोबर वाहून न्यावयाची असते. जुन्या शिशाच्या बॅटऱ्या फार जड आणि कमी वीज साठवणाऱ्या. लिथियम या अतिशय हलक्या धातूचा उपयोग करणाऱ्या बॅटऱ्या १९९० नंतर प्रचारात आल्या, प्रथम लहान यंत्रांत, मग भ्रमणध्वनीत, आणि शेवटी मोटारीत. तरीही तीन किलो पेट्रोल विरुद्ध दोनशे किलो बॅटरी ही तफावत तुम्ही आताच पाहिलीत. पद्मिनीचे वजन नऊशे किलोंच्या आसपास होते. नेक्सॉनचे विजेचे रूप चौदाशे किलोंच्या घरात जाते.

या वजनाइतकाच वेळेचाही प्रश्न आहे. मुक्ताईनगराहून मुंबई पावणेपाचशे किलोमीटरांच्या आसपास. पद्मिनीस वाटेत पेट्रोल लागले, तर पंपावर पाच मिनिटे पुरत. विजेच्या गाडीस घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर पूर्ण भरण्यास आठ-नऊ तास, म्हणजे एक रात्र लागते. महामार्गावरच्या जलद केंद्रावर तासाभरात ऐंशी टक्क्यांपर्यंत भरणी होते. मुंबईच्या प्रवासात असे दोन थांबे तरी घ्यावे लागतील, आणि त्या केंद्रावर आपल्यापूर्वी दुसरी गाडी उभी असली, तर तिचाही तास धरावा लागेल. जळगावास जाऊन सायंकाळी घरी परतणाऱ्या माणसाला ही अडचण कधीच जाणवणार नाही. ज्याला रोज मुंबई गाठावयाची आहे, त्याला ती पावलोपावली जाणवेल. कोणती गाडी चांगली, या प्रश्नाचे उत्तर ती कोणाच्या दारी उभी आहे यावरही अवलंबून असते.

आपल्या खानदेशचा उन्हाळा दोघींचीही परीक्षा पाहणारा. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, कधी त्याच्याही वर जातो. त्या काळच्या पेट्रोलच्या मोटारी अशा उन्हात तापत. रेडिएटरचे पाणी उकळे, गाडी रस्त्याच्या कडेस लिंबाच्या सावलीत उभी केली जाई, आणि डिकीतला पाण्याचा डबा बाहेर निघे. विजेच्या मोटारीत उकळण्यासारखे इंजिन नाही, हे खरे. पण लिथियमच्या बॅटरीलाही उष्णता मानवत नाही. फार तापली तर तिचे आयुष्य घटते. म्हणून नेक्सॉनसारख्या गाड्यांत बॅटरीभोवती थंड द्रव खेळवलेला असतो. आपण पन्हे पितो, तसा तिलाही वैशाखात गारवा लागतो! २०२० च्या नेक्सॉनच्या बॅटरीची हमी कंपनीने दिली होती ती आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरांची. वीस-वीस वर्षे टॅक्सी म्हणून राबलेल्या पद्मिनीच्या तुलनेत बॅटरी किती टिकेल, हे आपल्याकडच्या उन्हाळ्यांनीच सिद्ध होईल.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र मी पद्मिनीची बाजू घेईन. पाना, स्क्रू-ड्रायव्हर आणि थोडी अक्कल असली, की गॅरेजमधला मिस्त्री ती झाडाखाली उघडून पुन्हा जोडी. कार्बुरेटरमध्ये कचरा अडकला तर फुंकर मारून काढावयाचा. प्लग काळे पडले तर पॉलिश कागदाने घासावयाचे. बिघाड डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई, आणि हातांनी दुरुस्त होई. ज्यांना शाळेत फार शिकता आले नाही, अशा कितीतरी मुलांनी या गाड्यांवर हात चालवून आपली घरे उभी केली. विजेच्या गाडीत हलणारे भाग थोडे, म्हणून बिघाडही थोडे. तेल बदलणे नाही, पट्टा तुटणे नाही. परंतु जेव्हा बिघाड होतो, तेव्हा तो संगणक लावून शोधावा लागतो. बॅटरीत तीनशे व्होल्टांहून अधिक दाबाची वीज असते. शिक्षण आणि रबरी हातमोजे नसता तिला हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. मग गॅरेजमधल्या त्या कसबी हातांनी करावयाचे काय? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून विजेच्या वाहनांच्या दुरुस्तीचा अभ्यासक्रम आता सुरू झाला आहे. जुन्या मिस्त्र्यांनाही त्यात जागा मिळाली पाहिजे. नाहीतर नवी गाडी येताना त्यांच्या पोटावर पाय देऊन येईल.

आता धुराचा प्रश्न. पद्मिनीच्या मागे धूर निघे, हे सर्वांना दिसत असे. न दिसणारेही त्यात पुष्कळ होते. त्या काळच्या पेट्रोलात शिसे मिसळलेले असे, आणि शिशाचा अंश लहान मुलांच्या मेंदूस फार घातक. असे पेट्रोल देशभर बंद झाले ते २००० साली. पुढे न्यायालयाच्या आदेशामुळे मुंबईच्या जुन्या टॅक्सीही सी. एन. जी. वायूवर चालू लागल्या. विजेच्या मोटारीला धुराची नळीच नाही. तेव्हा तिचा धूर नाहीसा झाला, असे म्हणावे काय?

त्यासाठी भुसावळजवळच्या दीपनगरापर्यंत जाऊन पाहिले पाहिजे. तेथील औष्णिक विद्युत केंद्राची उंच धुराडी दुरूनच दिसतात. कोळसा जाळून पाण्याची वाफ करावयाची, वाफेने चक्र फिरवावयाचे, आणि त्यातून वीज काढावयाची, असे तेथील काम. या केंद्रात पाचशे-पाचशे मेगावॅटचे दोन संच आहेत, आणि त्यांखेरीज इतरही. कोळशातील शंभर भाग ऊर्जेपैकी पस्तीसेक भागांचीच वीज होते. पुढे तारांतून वाहताना आणि बॅटरीत भरताना आणखी थोडी गळती होते. कोळशापासून चाकापर्यंत सारा हिशेब केला, तर शंभरातले पंचवीस भाग हाती लागतात. म्हणजे पद्मिनीच्या वीस भागांहून फार काही अधिक नाही. शेगडी विझली नाही. ती गाडीतून निघून दीपनगरास गेली!

कर्बवायूचा हिशेबही पाहा. एक लिटर पेट्रोल जळले, की सुमारे दोन किलो तीनशे ग्रॅम कर्बवायू निर्माण होतो. पेट्रोलच्या तिप्पट वजन आले कोठून, असे कोणी विचारील. तर ज्वलनात हवेतला प्राणवायू त्यास येऊन मिळतो. या हिशेबाने पद्मिनी दर किलोमीटरला एकशे नव्वद ग्रॅम कर्बवायू सोडते. आपल्या देशात सर्व मार्गांनी तयार होणारी वीज एकत्र धरली, तर एका युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कर्बवायू पडतो. त्यावरून, आणि वाटेतली गळती मिळवून, नेक्सॉनच्या वाट्याला किलोमीटरमागे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास येतो. पण न्याय करावयाचा तर पुरता करावा. पद्मिनी आता म्हातारी झाली. तिच्याच आकाराची आजची पेट्रोलची गाडी लिटरला सतरा किलोमीटर गेली, तर तिचा आकडा एकशे पस्तीस येतो. येथे अंतर फारच थोडे उरते. शिवाय बॅटरी बनवताना कारखान्यात होणारा धूर वेगळा, जसा खनिज तेल उपसण्यात आणि शुद्ध करण्यात होणाराही वेगळा.

मग विजेच्या गाडीने साधले काय? पहिली गोष्ट, धूर आपल्या नाकाखालून गेला. बसस्थानकावर, शाळेच्या फाटकापाशी, बाजारपेठेत जो धूर मुलांच्या छातीत जाई, तो तेथे राहिला नाही. हजारो गाड्यांच्या नळ्यांवर लक्ष ठेवण्यापेक्षा एका धुराड्यावर लक्ष ठेवणे सोपे. मात्र त्या धुराड्याच्या छायेत राहणाऱ्या गावांना हे समाधान पुरेसे वाटणार नाही, आणि त्यांचे तसे वाटणे योग्यच आहे. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. पद्मिनी जन्मभर पेट्रोलवर, फार तर वायूवर चालली. आणि आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून विकत आणावे लागते. विजेच्या मोटारीस वीज कोठून आली हे कळत नाही, आणि त्याने तिचे काही अडतही नाही. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीने २०१३ साली १२५ मेगावॅटचे सौर विद्युत केंद्र उभारले. त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसतात. उद्या दीपनगरऐवजी साक्रीची वीज तारांतून आली, तर रस्त्यावर आज धावणारी तीच गाडी, एक स्क्रूही न बदलता, कोळशावरून सूर्यावर येते. कोणत्याही पेट्रोलच्या गाडीला हे जमणार नाही.

फक्त यात एक अडचण आहे. विजेची मोटार असलेले बहुतेक लोक ती रात्री घरी आल्यावर प्लगला लावतात आणि झोपी जातात. रात्री साक्रीचे सौर केंद्र बंद असते, आणि दीपनगरची भट्टी पेटलेली असते. सूर्याची वीज गाडीत भरावयाची, तर ती दुपारी भरली पाहिजे, म्हणजे गाडीचा मालक कचेरीत, शाळेत किंवा बाजारात असताना. त्यासाठी शाळेच्या आवारात, कचेऱ्यांपुढे, बाजारसमितीच्या मोकळ्या जागेत छपरे घालून त्यांवर सौरपट्ट्या बसवाव्या लागतील, आणि त्या छपरांखाली प्लग असावे लागतील. खानदेशच्या उन्हात अशा छपराखाली उभी राहिलेली गाडी थंडही राहील, आणि तिची बॅटरीही अधिक वर्षे टिकेल.